साथीला बसण्याआधी

पिंपळे सौदागरमध्ये गाणाऱ्यांची वाण नाही. गणेशोत्सवात सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, कोजागरीला गच्चीवर, दिवाळी पहाटेला पार्किंगमध्ये घातलेल्या मांडवात गळे भरपूर सापडतात, आणि त्यांतले काही खरोखर चांगले असतात. वाण आहे ती साथीला बसणाऱ्यांची. मग मोबाइलवरून कॅराओके ट्रॅक लागतो आणि गायक त्या ट्रॅकमागे धावत गाणं उरकतो. ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही. अंतऱ्याआधी श्वासाला अर्धी मात्रा जास्त हवी असेल तर ती मिळत नाही. पट्टी चढी लागल्याचं दुसऱ्या ओळीत कळलं तरी शेवटपर्यंत तसंच ओढावं लागतं. ही पुस्तिका त्या अर्ध्या मात्रेसाठी लिहिली आहे.

इथल्या घरांत वाद्यं नाहीत असं कुणी समजू नये. शेतं जाऊन टॉवर उभे राहिले, हिंजवडीच्या कंपन्यांत जाणारी कुटुंबं आली, आणि त्यांच्या दिवाणखान्यांत 61 पट्ट्यांचे कीबोर्ड आणि 88 पट्ट्यांचे डिजिटल पियानोही आले. मुलं क्लासला जातात, ट्रिनिटीच्या नाहीतर गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देतात, चांगले गुण आणतात. पण घरी आलेली मावशी म्हणाली, ‘मी अभंग म्हणते, तू जरा पेटी धर रे,’ की तोच मुलगा गोंधळतो. कुठल्या पट्टीत? किती लयीत? नोटेशन कुठे आहे? यात मुलाचा काही दोष नाही. परीक्षेतला तुकडा तो सुरू करेल तेव्हा सुरू होतो आणि तो थांबवेल तिथे थांबतो. मावशीचं गाणं मावशीच्या श्वासावर चालतं. बोटं दोन्हीकडे तीच लागतात, सवयी मात्र निराळ्या लागतात, आणि त्या लावून देण्याचं काम कुठल्याच अभ्यासक्रमात कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही.

गावठाणातल्या देवळात चित्र बरोबर उलटं असतं. भजनी मंडळात पेटीवर बसणाऱ्याने स्वरलिपी बहुधा पाहिलेलीही नसते; पण बुवांनी अभंग उचलला की दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला त्याचं बोट षड्जावर असतं. पखवाज आणि टाळांच्या गजरात गाणाऱ्यांचा सूर सुटू नये एवढी एकच जबाबदारी तो ओळखतो, आणि ती पार पाडतो. हा सगळा टापूच वारकऱ्यांचा. देहू-आळंदी इथून फार लांब नाही, आणि तुकोबांच्या पालखीचा देहू सोडल्यावरचा पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात, म्हणजे आपल्याच महापालिकेच्या हद्दीत पडतो. या परंपरेत पेटीवाला मोठ्यांच्या मागे बसून, ऐकून ऐकून तयार होतो. त्याची अडचण दुसऱ्या टोकाला आहे. जन्मभर एकाच पट्टीत वाजवल्यामुळे पाहुणा गायक दुसऱ्या पट्टीत गाऊ लागला की त्याचा हात अडतो. क्लासच्या मुलाकडे हात आहे, देवळातल्या पेटीवाल्याकडे कान आहे. दोघांकडे अर्धी अर्धी विद्या आहे, आणि दोघं एकाच रस्त्यावर राहून एकमेकांना भेटत नाहीत.

पियानो आणि पेटी एकाच पुस्तिकेत का, असं कुणी विचारील. दोन्ही वाद्यांत पट्टी दाबली की ठरलेला स्वर निघतो. सारंगीवाल्यासारखं बोट सरकवून दोन स्वरांमधल्या जागेत जाता येत नाही. साथीतल्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात, म्हणून त्यांवरचे उपायही बरेचसे सारखे आहेत. फरक आहे तो स्वराच्या आयुष्याचा. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून मावळू लागतो, तर पेटीचा स्वर भात्यात हवा असेपर्यंत तसाच उभा राहतो. म्हणून पियानोवाल्याला सतत ठरवावं लागतं की पुन्हा आघात कधी करायचा, आणि पेटीवाल्याला ठरवावं लागतं की बोट उचलायचं कधी. पहिला फार वाजवून गाणं बिघडवतो, दुसरा फार धरून ठेवून. पियानोवाल्याने पेटीवाल्याकडून शब्दाच्या मागे राहायला शिकावं. पेटीवाल्याने पियानोवाल्याकडून पाचही बोटांची शिस्त आणि वाचून वाजवण्याचा सराव घ्यावा.

महाराष्ट्रात साथीच्या पेटीचा इतिहास मोठा आहे, आणि तो या भागातल्या मुलांना कुणी सांगत नाही. अलेक्झांडर दबॅं यांनी 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसला हार्मोनियमचं पेटंट घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून वाजवता येईल असं हातभात्याचं रूप दिलं. मराठी रंगभूमीने या वाद्याला घर दिलं. आधी पेटी आली, मग पायाने भाता मारायचा ऑर्गन आला, ज्यात दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (1881–1955) यांचं नाव इथे पहिलं घ्यावं लागतं. ते भास्करबुवा बखल्यांची साथ करीत, आणि त्यांचं शिक्षण मुख्यतः त्या साथीतूनच झालं. समोर गुरू गातोय आणि आपण त्याच्या मागून चाललोय, अशी ती शाळा. त्याच टेंब्यांनी 1911 मध्ये ‘मानापमान’ला चाली दिल्या. साथ करता करता माणूस किती शिकू शकतो याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. पुढे 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, तिच्या स्थापनेत बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्या बरोबरीने टेंबेही होते. या मंडळीच्या साथीदारांत ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे, सारंगीला कादरबक्ष, तबल्याला अहमदजान थिरकवाँ अशी माणसं होती. बालगंधर्वांचं गाणं आपण आठवतो तेव्हा या तिघांनी आखून दिलेली जागाही आठवायला हवी.

नंतरची परंपराही तितकीच भक्कम आहे. पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर. त्यांचे शिष्य गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर (1934–2018), ज्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. नाट्यसंगीतात ज्यांचा हात आजही दाखल्यासारखा सांगितला जातो ते गोविंदराव पटवर्धन. बेळगावचे रामभाऊ विजापुरे. आणि पुण्याचे अप्पा जळगावकर, जे 2009 मध्ये गेले. पु. ल. देशपांडे यांच्या पेटीबद्दल मराठी वाचकाला सांगायला नकोच. यादी देण्याचा हेतू पाठांतराचा नाही. या लोकांनी साथ केलेली ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. एखादं घ्या आणि गायकाकडे लक्ष न देता फक्त पेटी ऐका. पहिल्यांदा फार अवघड जातं, कारण चांगली पेटी कानाला मुद्दाम सापडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कळू लागतं की पेटी कुठे गप्प बसली, कुठे नुसता षड्ज धरला, कुठे गायकाच्या जागेचं शेवटचं टोक तेवढं उचललं. पुस्तिकेतला पहिला अभ्यास हाच आहे, आणि त्याला वाद्य उघडावं लागत नाही.

पेटीवर झालेले आरोपही साथीदाराने जाणून घेतले पाहिजेत. दिल्लीच्या रेडिओ केंद्रावर असलेले ब्रिटिश संगीतकार जॉन फाउल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लिहिलं, रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती नकोशी होती, आणि 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती उठायला 1971 उजाडलं, आणि तेव्हाही दार एकदम सताड उघडलं नाही. तीस वर्षं सरकारी ध्वनिक्षेपकासमोर ज्या वाद्याला जागा नव्हती ते महाराष्ट्रात टिकलं, कारण नाटकाच्या पिटात, मैफलीत आणि देवळात त्याच्यावाचून अडत होतं.

बंदी अतिरेकी होती, आरोप मात्र खोटे नव्हते, असं माझं मत आहे. पेटीला मींड नाही. तिचे स्वर बारा समान भागांत वाटलेले. तानपुऱ्याच्या षड्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो षड्जापासून 386 सेंटवर असतो, आणि पेटीचा किंवा कीबोर्डचा शुद्ध गंधार 400 वर. चौदा सेंटचा हा फरक म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा सातवा हिस्सा. ऐकायला क्षुल्लक वाटतो. विलंबित यमनमध्ये गायक गंधारावर स्थिरावला आणि आपण त्याच गंधारावर बोट दाबून बसलो, की दोन्ही गंधार एकमेकांना घासताना ऐकू येतात. यावर आपल्याकडे फार पूर्वीपासून डोकी चालली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याला न्यायाधीश असलेले ई. क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींच्या पेटीचा खटाटोप केला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी तयार करून दाखवली. पुण्यातले कारागीर ‘गंधार ट्यूनिंग’ करूनही देतात. मात्र एका षड्जाला धरून तशी लावलेली पेटी इतर पट्ट्यांत तितकी खरी राहत नाही. सामान्य साथीदारापाशी यांतलं काहीच नसतं. त्याच्यापाशी बोट उचलण्याचा उपाय असतो. गायक गंधारावर थांबला की आपण षड्ज-पंचमावर यावं, गंधार त्याचा त्याला राहू द्यावा. मींड घेत असेल तर सुरुवातीचा आणि शेवटचा स्वर द्यावा, मधला प्रवास त्याचा. वाद्याचं उणं असं झाकता येतं, पण त्यासाठी ते उणं माहीत असावं लागतं. कीबोर्डवर पिच-बेंडचं चाक फिरवून मींड काढणारी मंडळी आता दिसतात. साथीत ते करू नये. ऐकणाऱ्याचं लक्ष गळ्यावरून चाकावर जातं.

युरोपातही साथीदार बराच काळ दुय्यमच मानला जाई. तिथे ही समजूत बदलण्यात जेराल्ड मूर (1899–1987) या इंग्रज पियानोवादकाचा मोठा वाटा आहे. 1943 मध्ये त्यांनी साथीदारीवर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच आपल्याला या कामाची लाज वाटत नाही असं जाहीर केलं. 1962 मध्ये आलेल्या आत्मचरित्राचं नाव ‘माझा आवाज फार मोठा होतोय का?’ अशा अर्थाचं आहे. हा प्रश्न ते जन्मभर स्वतःला विचारत राहिले. आपल्याला खरी साथ शिकवली ती जॉन कोट्स या गायकाने, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगून ठेवलं आहे. टेंबे आणि भास्करबुवांची गोष्ट पुन्हा आठवावी अशी ही कबुली. 1967 मध्ये लंडनला त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला तेव्हा त्या काळातले तीन अव्वल गायक त्यांच्यासाठी गायले, आणि अखेरीस मूर एकटेच पियानोवर बसून शूबर्टच्या एका गीताचं रूपांतर वाजवून गेले. आपल्याकडे सोसायटीच्या कार्यक्रमपत्रिकेवर गायक छापला जातो, निवेदक छापला जातो, मिठाईचा प्रायोजकही छापला जातो. पेटीवाल्याचं नाव आभाराच्या वेळी आठवलं तर आठवलं. असो.

आता मुद्द्याचं. या पुस्तिकेचं सगळं म्हणणं एका वाक्यात मावतं. हात सवयीने चालू लागले, तरच कान गायकासाठी मोकळे राहतात. साथीला बसल्यावर कान एकाच वेळी गायकाच्या शब्दावर, श्वासावर, तबल्याच्या ठेक्यावर आणि समेवर हवे असतात. त्याच वेळी ‘पंचम कुठल्या पट्टीवर?’ हा प्रश्न डोक्यात असला की ऐकणं बंद पडतं, आणि ऐकणं बंद पडलं की साथ सरली, मग बोटं कितीही तयार असोत. जे जे घरी सवयीत घालता येईल ते घरीच घालून टाकायचं, म्हणजे मंचावर विचार करण्याजोगं फारसं शिल्लक राहत नाही.

यातली पहिली सवय पट्टीची. पांढरी एक हा षड्ज मानून बिलावल वाजवलं तर सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. बहुतेक मुलं इथेच वर्षं काढतात. पांढरी चारला आलात की मध्यम तेवढा काळ्या पट्टीवर जातो. पण बायकांच्या गळ्याला सोयीची असलेली काळी चार घ्या: षड्ज, ऋषभ, मध्यम, पंचम हे चार स्वर काळ्या पट्ट्यांवर आणि गंधार, धैवत, निषाद पांढऱ्यांवर. बोटांचा नकाशाच बदलतो, अंगठ्याची जागा बदलते, आणि पांढरी एकमध्ये घोटलेली बोटबांधणी कामाला येत नाही. पुस्तिकेत म्हणून एकच साधा पलटा बारा पट्ट्यांत दिला आहे. त्यापुढचा पलटा मी मुद्दामच पुष्कळ पानांनंतर ठेवला आहे.

इथे नेहमीची हरकत येते: कीबोर्डला ट्रान्सपोज बटण आहे, पेटीला स्केल-चेंजर आहे, मग एवढा खटाटोप कशाला? बटण जरूर वापरा, पण कार्यक्रमात. सरावात त्याला हात लावू नका. गायिका पहिल्या गाण्यानंतर हळूच ‘अर्धा स्वर उतरव’ म्हणते तेव्हा बटण उपयोगी पडतं. पण त्याच बैठकीत दुसरी पेटी आली, साधी, मंडळाची, स्केल-चेंजर नसलेली, तर ज्याने बटणावर भिस्त ठेवली त्याला उठावं लागतं. शिवाय बटणाने कानाचा एक तोटा होतो, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. बोट एका पट्टीवर आणि कानावर आवाज दुसऱ्याच पट्टीचा, याची सवय झालेल्या माणसाला गायकाचा षड्ज ऐकून थेट पट्टी ओळखता येत नाही.

दुसरी सवय लेहऱ्याची, आणि माझ्या दृष्टीने ती सगळ्यांत मोलाची. तबल्याच्या एकलवादनात पेटीवाला एकच छोटी धून पुन्हा पुन्हा वाजवतो. तीनताल असेल तर सोळा मात्रांची. तबलजी लय दुप्पट करील, आड करील, समेला चकवून पुढे जाईल. लेहरा हलता कामा नये. ज्याला हे काम कंटाळवाणं वाटतं त्याने स्वतःचा लेहरा वीस मिनिटं ध्वनिमुद्रित करून मेट्रोनोमशी ताडून पाहावा. सुरुवातीला बहुतेकांची लय पाचव्या-सहाव्या मिनिटाला चढू लागते आणि बोटं न सांगता हरकती घेऊ लागतात. कंटाळा आला की हात सजावट शोधतो, आणि साथीतली बहुतेक अनावश्यक सजावट कंटाळ्यातूनच येते. लेहरा धरता आला की बाकी साथीत संयम आपोआप येतो. पियानो शिकणाऱ्यांनीही हा अभ्यास चुकवू नये. डाव्या हाताने तीन-चार स्वरांची साधी आवर्तनं धरा, उजवा हात मांडीवर ठेवा, आणि घरातल्या कुणाला तरी त्यावर टाळ्यांचे वेडेवाकडे आघात करायला सांगा. मुलांना हा खेळ फार आवडतो.

मागे राहण्याबद्दल पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. साथ सावलीसारखी असावी असं जुने लोक सांगतात, आणि सावली कधी माणसाच्या आधी दार ओलांडत नाही. ओळखीच्या गाण्यात पुढची ओळ आपल्याला पाठ असते, म्हणून बोट गायकाच्या आधी तिथे पोचतं. गायकाला त्या दिवशी ती जागा वेगळी घ्यायची असेल तर आपण त्याची वाट अडवली. ख्यालात तर पुढे जाण्याचा प्रश्नच येऊ नये. गायकाच्या किंचित मागे राहावं, तो थांबला की त्याने सोडलेलं टोक तेवढं परत ऐकवावं, तेही त्याने नवा श्वास घेण्याच्या आत संपेल इतकं. लांब तानेत प्रत्येक स्वर पकडायची धडपड करू नये. तान कुठे उतरते ते ओळखून तिथे भेटावं. अभंगात आणि भावगीतात मामला निराळा असतो: चाल ठरलेली, ध्रुपदाला सगळे परत येणार हे माहीत, म्हणून तिथे थोडी ठाम साथ चालते, किंबहुना गजर चढला की ती लागतेच. गायन कुठल्या जातीचं आहे ते पाहून साथीचं अंतर ठरतं. याचा नियम कागदावर उतरत नाही, मी प्रयत्न करून सोडून दिला आहे.

भात्याबद्दल मात्र कागदावर बरंच लिहिता येतं आणि ते मी लिहिलं आहे. डावा हात झटके देत असेल तर उजव्या हाताची सगळी मेहनत वाया. गायकाच्या आवाजाबरोबर हवा कमी-जास्त करणं हा पेटीवाल्याचा खरा बारकावा आहे. पियानोवाल्याला तो बोटांच्या वजनातून आणि पेडलमधून साधावा लागतो. स्पर्शाला दाद न देणाऱ्या स्वस्त कीबोर्डवर हे शिकताच येत नाही. घ्यायचाच असेल तर वजनदार पट्ट्यांचा घ्या, जुना चालेल.

कीबोर्डवाल्यांसाठी आणखी एक सावधगिरी: कॉर्ड. डाव्या हाताला तीन-चार ठरलेल्या कॉर्ड बसल्या की मुलं त्या सगळीकडे पेरतात. भूपातल्या गाण्याखाली मध्यमाची कॉर्ड आली की मध्यम वाजतो, आणि भूपात मध्यमच नाही. मालकंसाखाली पंचमाची कॉर्ड ठेवली तर पंचम, शुद्ध निषाद आणि ऋषभ हे तिन्ही रागाबाहेरचे स्वर एकदम घुसतात. गायकाला काय झालं ते कळत नाही, पण त्याचा सूर डळमळतो. राग नसलेल्या हलक्याफुलक्या गाण्यात कॉर्डची गंमत जरूर करावी. बाकी ठिकाणी षड्ज-पंचम, आणि मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात षड्ज-मध्यम, एवढं डाव्या हाताला पुरे. आधी गाण्यात कुठले स्वर नाहीत ते लिहून काढा, मग कॉर्डकडे वळा.

आपल्या फ्लॅटमधल्या जगण्याने एक नवी सवय लावली आहे: हेडफोन घालून सराव. शेजाऱ्यांचा विचार करून ते ठीकच आहे, रात्री दहानंतर पेटी उघडायची सोय तर कुठल्याच टॉवरमध्ये नाही. पण ज्याचा सगळा सराव हेडफोनमध्ये झाला त्याला खोलीत आपला आवाज केवढा होतो याचा अंदाजच येत नाही. क्लबहाउसच्या टाइल्सवर आणि काचांवर आवाज दुप्पट आदळतो, निळू फुले नाट्यगृहासारख्या सभागृहात तोच अंगावरच्या कपड्यांत आणि खुर्च्यांत मुरतो. आठवड्यातून निदान एकदा खुल्या आवाजात, कुणीतरी गात असताना, वाजवायला हवं. रविवारची सकाळ त्यासाठी बरी; शेजारी तोवर जागे झालेले असतात आणि तक्रार करण्याइतके ताजेतवाने झालेले नसतात.

कार्यक्रमाआधीच्या सवयी लहान आणि रुक्ष आहेत, त्यांची यादी पुस्तिकेच्या शेवटी आहे. पट्टी गायकाला आधी विचारून ठेवणं, आणि आजारपणात ती उतरू शकते हे धरून चालणं. मुखडा, अंतरे, शेवट किती वेळा याची खूण ठरवणं. बसताना गायकाच्या डाव्या हाताला अशा कोनात बसणं की त्याचा चेहरा दिसेल, कारण श्वास ओठांवर आधी दिसतो आणि कानांना नंतर कळतो. पावसाळ्यात पेटी आदल्या दिवशीच उघडून पाहणं, कारण दमट हवेत पट्टी फुगून अडकते आणि ऐन अभंगात एक स्वर बोट उचलल्यावरही रेकत राहतो. आणि चुकलं तर न थांबणं. एकट्याच्या सरावात चुकलं की मागे जाऊन दुरुस्त करायची खोड लागते. साथीत मागे जायला जागा नसते, गाणं पुढे गेलेलं असतं. ही खोड मोडायला आठवड्यातून एक दिवस असा ठेवा की काहीही झालं तरी तुकडा शेवटापर्यंत न्यायचाच, अर्धे स्वर सुटले तरी चालतील, सम सुटता कामा नये.

पुस्तिकेच्या मर्यादाही सांगून टाकतो. तिच्यात गाण्यांची नोटेशनं नाहीत, ती बाजारात भरपूर मिळतात. एकलवादन नाही. आणि पुस्तक वाचून साथ येते असा दावा तर मुळीच नाही. टेंब्यांना भास्करबुवा मिळाले, मूरना कोट्स मिळाला. तुम्हाला असा गायक मिळेलच असं नाही, पण गाणारा कुणीतरी मिळेल. वरच्या मजल्यावरच्या आजी असतील, भजनी मंडळातले बुवा असतील, चुकत चुकत गाणारा ऑफिसातला मित्र असेल. चुकत गाणारा तर उत्तमच, त्याच्यामागे राहायला जास्त ऐकावं लागतं. गावठाणातलं देऊळ आणि तुमचा टॉवर यांत चालत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर असेल. एकादशीच्या भजनाला जाऊन मागे बसायला कुणी मनाई करत नाही. दुसरं प्रकरण उघडण्याआधी असा एक माणूस शोधा, त्याची पट्टी विचारून घ्या, आणि पुस्तिका त्याच्या शेजारी बसूनच पुढे वाचा.

पिंपळे सौदागर